‘दगड उभा केला तरी निवडून येईल’ त्या मतदारसंघातला मतदार अपक्षाकडं का वळतो?

आपल्या भागात एक वाक्य दर निवडणुकीत ऐकायला मिळतं : ‘इथं त्यांनी दगड उभा केला तरी निवडून येईल.’ म्हणणारा कौतुकानं म्हणतो की वैतागानं, ते त्याच्या तोंडाकडं बघून ठरवायचं. वर्तमानपत्रात यालाच ‘बालेकिल्ला’ म्हणतात आणि पक्षाच्या कार्यालयात ‘हक्काची जागा’. हक्क कुणाचा, हे विचारायची पद्धत नाही.

पण अधूनमधून हाच हक्काचा मतदारसंघ सगळ्या पक्षांना बाजूला सारतो आणि अपक्षाला निवडून देतो. ताजं आणि जवळचं उदाहरण सांगलीचं. १९६२ पासून २००९ पर्यंत सांगली लोकसभेला काँग्रेसशिवाय दुसरं कुणी निवडून आलं नव्हतं. २०१४ ला भाजपचे संजयकाका पाटील जिंकले, २०१९ ला पुन्हा जिंकले. म्हणजे आधी एकाचा बालेकिल्ला, मग दुसऱ्याचा होऊ घातलेला. २०२४ मध्ये मात्र तिथून विशाल पाटील अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. मतं ५ लाख ७१ हजार, मताधिक्य एक लाखाचं. देशभरात त्या निवडणुकीत ३,९२१ अपक्ष उभे होते, त्यातले फक्त ७ निवडून आले. त्या सातांत महाराष्ट्रातला हा एकच.

हे घडलं कसं? महाविकास आघाडीत कोल्हापूरची जागा काँग्रेसला सुटली, म्हणून सांगलीवर उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेनं दावा केला आणि मिरजेच्या सभेत पैलवान चंद्रहार पाटील यांचं नाव जाहीरही करून टाकलं. डबल महाराष्ट्र केसरी, नावाजलेला गडी, माणसाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती निर्णय कुठं झाला याची. सहा विधानसभा मतदारसंघांच्या या पट्ट्यात कोण उभं राहणार हे मुंबईत वाटाघाटीच्या टेबलावर ठरलं, आणि तेही दुसऱ्याच जिल्ह्यातल्या जागेच्या बदल्यात. निकालात आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला ६० हजारांच्या आसपास मतं पडली. बाकी सगळी मतं आपल्या पायांनी चालत लिफाफ्याकडं गेली. विशाल पाटलांचं चिन्ह लिफाफा होतं.

खरी निवडणूक तिकीट वाटपाची

या विषयाची किल्ली इथं आहे असं मला वाटतं. जिथं चुरस असते तिथं पक्षाला उमेदवार निवडताना मतदाराचा विचार करावाच लागतो. चुकीचा माणूस दिला की जागा गेली. सुरक्षित जागेवर तो धाक राहत नाही. तिथं जो निर्णय होतो तो तिकिटाच्या दिवशी होतो, आणि त्या दिवशी मतदाराला मत नसतं. मतदानाच्या दिवशी तो फक्त सही-शिक्का मारायला जातो. बंडखोर अपक्ष उभा राहिला की ही बंद खोलीतली निवडणूक पुन्हा एकदा, उघड्यावर, सगळ्यांच्या मतानं घेतल्यासारखी होते.

म्हणूनच आपल्याकडचे जिंकलेले अपक्ष बहुतेक वेळा ‘बाहेरचे’ नसतात. विशाल पाटील वसंतदादांचे नातू. घरात खासदारकी जुनी. अपक्ष म्हणजे कोरी पाटी, सामान्य घरातला तरुण, प्रस्थापितांविरुद्धचा लढा, हे चित्र सिनेमात ठीक आहे. आपल्या भागात अपक्ष म्हणजे बऱ्याचदा ज्याचं तिकीट कापलं तो, आणि त्याला मत म्हणजे ‘तुम्ही कापलंत, आम्ही दिलं’ असा निरोप.

कोल्हापूर जिल्ह्यात तर याची परंपराच आहे. २००९ मध्ये राष्ट्रवादीनं सदाशिवराव मंडलिक यांना उमेदवारी नाकारली. ते अपक्ष उभे राहिले आणि राष्ट्रवादीचे उमेदवार संभाजीराजे छत्रपती यांना हरवून लोकसभेत गेले. समोर प्रत्यक्ष छत्रपतींचं घराणं असताना कागल-भुदरगडच्या मतदारानं हे केलं, ही साधी गोष्ट नव्हे. २०१९ ला शिरोळची जागा आघाडीत स्वाभिमानीला गेली, तेव्हा राष्ट्रवादीतले राजेंद्र पाटील-यड्रावकर अपक्ष उभे राहून आमदार झाले. त्याच वेळी शेजारच्या इचलकरंजीतून प्रकाश आवाडेही अपक्षच. आणि २०२४ च्या विधानसभेला, जेव्हा उभ्या महाराष्ट्रात फक्त दोनच अपक्ष जिंकले, तेव्हा त्यातला एक जुन्नरचा आणि दुसरा चंदगडचा होता. बेळगावहून तासाभरात जिथं पोचता येतं ते चंदगड! २००९ पासून ती जागा राष्ट्रवादीची. महायुतीत ती विद्यमान आमदारालाच सुटली आणि भाजपचे शिवाजी पाटील अपक्ष उभे राहिले. २०१९ ला ते असेच लढून थोडक्यात हरले होते, या खेपेला जिंकले.

युती आणि आघाडी जितकी मोठी, तितके ‘जागा सुटली नाही’ म्हणून नाराज होणारे गट जास्त. तीन-तीन पक्ष एका बाजूला आले की प्रत्येक मतदारसंघात दोन पक्षांचे कार्यकर्ते घरी बसवावे लागतात. त्यातला एखादा गट घरी बसत नाही.

शहरात हे का होत नाही?

होतं, पण कमी. खेड्यातल्या मतदाराला पक्षाच्या चिन्हाशिवाय मतदान करायची सवयच असते. महाराष्ट्रात काय आणि कर्नाटकात काय, ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. विकास सोसायटी, दूध संघ, साखर कारखाना, बाजार समिती, सगळीकडं पॅनेल. कपबशी, छत्री, विमान असली चिन्हं, आणि त्यामागची माणसं सगळ्यांना ठाऊक. वर्षानुवर्षं माणूस आणि गट बघून शिक्का मारलेल्याला लोकसभेला ‘अनोळखी चिन्ह’ म्हणून दडपण येत नाही. शहरातल्या मतदाराला उमेदवाराचं नाव कित्येकदा चिन्ह बघितल्यावर कळतं. इथं उलटं असतं. आधी नाव, मग ‘चिन्ह काय आलंय रे त्याचं?’

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. गावात विरोधी पक्षाला मत देणं म्हणजे नुसतं मत बदलणं नव्हे. तो पक्ष म्हणजे गावातला दुसरा गट, दुसरी भावकी, कधी दुसरी जात, कधी पिढ्यान्‌पिढ्या बांधावरून भांडलेलं घर. आपल्या पक्षावर कितीही राग आला तरी ‘त्यांच्या’ चिन्हावर बोट ठेवायला मन धजत नाही. शिवाय मतमोजणी केंद्रनिहाय होते. कुठल्या गावात कुणाला किती पडली हे दुसऱ्या दिवशी तालुक्यात सगळ्यांना पाठ असतं. अशा ठिकाणी आपल्याच कळपातला अपक्ष ही मोठी सोय असते. घर सोडायचं नाही, पण घरातल्या कारभाऱ्याला धडा द्यायचा.

कर्नाटकातलं मंड्या हे याचं उत्तम उदाहरण. २०१८ ला त्या लोकसभा क्षेत्रातल्या आठही विधानसभा जागा जनता दल (धर्मनिरपेक्ष) नं जिंकल्या होत्या. पुढच्याच वर्षी काँग्रेसनं युतीत ती लोकसभा त्यांना सोडली आणि मुख्यमंत्री कुमारस्वामी यांचे चिरंजीव निखिल उभे राहिले. मंड्यातला काँग्रेसचा कार्यकर्ता आयुष्यभर ज्या पक्षाशी भांडला, त्याच पक्षाला मत द्या असं त्याला वरून सांगण्यात आलं. अंबरीश यांच्या पत्नी सुमलता अपक्ष उभ्या राहिल्या, भाजपनं उमेदवार न देता पाठिंबा दिला, आणि त्या सव्वा लाख मतांनी जिंकल्या. मतदारांचा गोंधळ उडावा म्हणून की काय, त्याच यादीत सुमलता नावाच्या आणखी तीन बायका उमेदवार होत्या!

जिंकायचंच नसतं तेव्हा

आतापर्यंत सांगितलं ते जिंकलेल्यांचं. पण सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको की काही वेळा अपक्षाला मत हे निवडून आणण्यासाठी नसतंच.

महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार निवडणूक आयोगाच्या कागदावर अपक्षच असतात. २०१३ ला खानापूरमधून अरविंद पाटील आणि बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील निवडून आले, त्यांच्या नावापुढंही ‘अपक्ष’ असंच लिहिलं गेलं. खानापूर तर समितीचीच हक्काची जागा मानली जायची. म्हणजे अपक्षांचा बालेकिल्ला! आणि बालेकिल्ल्याचा रोग त्यालाही लागला. २०१८ ला समितीतच दोन गट, दोन उमेदवार. जागा काँग्रेसच्या अंजली निंबाळकर यांना गेली, २०२३ ला भाजपच्या विठ्ठल हलगेकर यांना. जागा आपलीच आहे असं धरून चालणाऱ्यांचं जे व्हायचं ते झालं, मग ते राष्ट्रीय पक्ष असोत की आपले.

लोकसभेला समितीचं गणित नेहमीच वेगळं राहिलं. १९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून गावोगावच्या लोकांनी अर्ज भरले. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्यात फ्लोराइडच्या पाण्यानं हाडं वाकलेल्या गावांनी ४८० उमेदवार दिले आणि तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभेला १,०३३. मतपत्रिका म्हणजे पुस्तक छापायची वेळ आली. सरकारनं प्रश्न सोडवण्याआधी कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० वरून १० हजार झाली, विधानसभेची २५० वरून ५ हजार, आणि अपक्षाला एका सूचकाऐवजी दहा सूचक लागू लागले. आज या रकमा २५ हजार आणि १० हजार आहेत. अनुसूचित जाती-जमातींना निम्म्या. एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून जास्त मतं पडली नाहीत तर ही रक्कम जप्त. सरकारला नेमकं काय झोंबलं होतं ते यावरून कळतं.

२०२१ ची बेळगाव पोटनिवडणूक आठवा. सुरेश अंगडी यांच्या निधनानं जागा रिकामी झाली होती. २००४ पासून सलग भाजपची जागा, २०१९ ला तर प्रचंड मताधिक्य. समितीनं शुभम शेळके या तरुणाला उभं केलं आणि त्याला १ लाख १७ हजार मतं पडली. मंगला अंगडी निवडून आल्या त्या फक्त ५,२४० मतांनी. सतीश जारकीहोळी थोडक्यात हुकले. शेळके तिसरे आले, पण ‘सुरक्षित’ हा शब्द त्या दिवशी बेळगावपुरता कोशातून गेला. हा आकडा समितीला पुढं टिकवता आला नाही, हेही तितकंच खरं. एकदा दिलेला धाक दर वेळी आपोआप लागू होत नसतो.

नांदेडला लागून असलेल्या निजामाबादचं उदाहरण तर सांगलीकरांनी मुद्दाम वाचण्यासारखं आहे, कारण दोन्हीकडचा बाजार हळदीचा. २०१९ ला तिथं १८५ उमेदवार होते, त्यातले १७८ शेतकरी. मागणी हळद बोर्डाची आणि रास्त भावाची. समोर विद्यमान खासदार के. कविता, म्हणजे तेलंगणच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची कन्या. त्याहून सुरक्षित जागा ती कुठली? मतदान यंत्रं एकाशेजारी एक बारा-बारा मांडावी लागली. शेतकऱ्यांपैकी कुणीही जिंकलं नाही, पण कविता सुमारे ७० हजार मतांनी पडल्या आणि भाजपचे अरविंद धर्मपुरी आले. हळद बोर्डाची घोषणा २०२३ ला झाली, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचं उद्घाटन झालं. एकट्या शेतकरी उमेदवारांमुळं हे झालं असं म्हणता येणार नाही. पण त्यांच्याशिवाय त्या बोर्डाची आठवण दिल्लीला इतकी वर्षं राहिली असती का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

निवडून आल्यावर कुणाकडं?

अपक्षाला मत देणाऱ्याला घरातली जाणती माणसं पहिला प्रश्न हाच विचारतात. आणि प्रश्न बरोबर आहे.

पक्षांतरबंदी कायद्यानं अपक्ष म्हणून निवडून आलेल्याला नंतर कुठल्याही पक्षात जाता येत नाही. गेला तर सदस्यत्व जातं. पण पाठिंबा देता येतो, मंत्रीही होता येतं. यड्रावकर आघाडी सरकारात राज्यमंत्री झाले. गोव्यात २०१७ ला काँग्रेस १७ आणि भाजप १३ अशी स्थिती असताना गोविंद गावडे, रोहन खंवटे असे अपक्ष ज्या बाजूला गेले त्या बाजूचं सरकार आलं, आणि दोघंही मंत्री झाले. २०२२ ला भाजप ४० पैकी बरोब्बर २० वर अडकला, तेव्हा डिचोली, कुडतरी आणि कुठ्ठाळीचे तिन्ही अपक्ष सरकारच्या मागं उभे राहिले. मतदाराच्या बाजूनं बघितलं तर हा सौदा वाईट नाही. बहुमत काठावर असेल तर एका अपक्षाला जे मिळतं ते सत्ताधारी पक्षाच्या मागच्या बाकावरच्या दहा आमदारांना मिळत नाही. १९९५ ला महाराष्ट्रात ४५ अपक्ष निवडून आले, त्यातले बरेच काँग्रेसचे बंडखोर. त्यांच्या आधारावर युतीचं सरकार उभं राहिलं आणि त्याच सरकारच्या काळात, १९९६ ला, कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. पश्चिम महाराष्ट्रातल्या पाण्याचं राजकारण ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवाव्यात.

पण बहुमत भक्कम असेल तर? गुजरातेत २०२२ ला भाजपनं १८२ पैकी १५६ जागा जिंकल्या. वडोदरा जिल्ह्यातल्या वाघोडियात मात्र अपक्ष धर्मेंद्रसिंह वाघेला आले. तिथल्या सरकारला त्यांची गरजच नव्हती. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी राजीनामा दिला, आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत भाजपच्या चिन्हावर पुन्हा निवडून आले. कायद्यातून वाट काढायची तर ती अशी निघते. मतदारानं ज्या पक्षाला नाकारलं त्याच पक्षात त्याचा माणूस गेला. यात फसवणूक झाली म्हणावं, की त्याला जे हवं होतं, म्हणजे पक्ष तोच पण माणूस आपल्या पसंतीचा, तेच शेवटी मिळालं म्हणावं? वाघोडियाच्या मतदारानं पोटनिवडणुकीत दुसरं उत्तर दिलं.

लोकसभेतल्या अपक्षाची अडचण वेगळी आहे. खासदार निधी सगळ्यांना सारखाच, वर्षाला ५ कोटी. पक्षादेश नाही, म्हणून मनाप्रमाणे मत देता येतं. पण बोलायला वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो, आणि एकट्याचं संख्याबळ एक. जत तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांना म्हैसाळ योजनेचं पाणी हवं असेल, तर भाषणापेक्षा मुंबईतल्या मंत्रालयातले हेलपाटे जास्त कामाचे. पाणी नाही म्हणून याच गावांनी एकदा कर्नाटकात जायचा ठराव केला होता, आणि २०२२ ला मुख्यमंत्री बोम्मई यांनी तोच ठराव पुढं केला होता. विशाल पाटील निकालानंतर काँग्रेसच्या पाठीशी उभे राहिले. मंडलिकांनीही तेव्हा तेच केलं होतं.

चिन्हाचं शेवटचं लचांड

अपक्षाचं चिन्ह अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर मिळतं. तिथून मतदानाला साधारण दोन आठवडे. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह आजोबांच्या काळापासून भिंतीवर असतं. याला पंधरा दिवसांत सहाशे-सातशे गावांत ते पोचवायचं. खर्चाची मर्यादा दोघांना सारखी, मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख. पण पक्षाच्या बड्या प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरत नाहीत, आणि पक्षानं स्वतः किती खर्च करावा याला मर्यादाच नाही.

चिन्हाचा गोंधळ किती महाग पडतो ते २०२४ ला साताऱ्यात दिसलं. शरद पवार यांच्या पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि दुसऱ्या एका उमेदवाराला मिळाली नुसती तुतारी, जिला लोक पिपाणी म्हणू लागले. पिपाणीला ३७ हजार मतं गेली. उदयनराजे जिंकले ३२ हजारांनी. दिंडोरीत तर पिपाणीला लाखावर मतं पडली. म्हणजे चिन्ह ओळखीचं नसेल तर मत हरवतं, आणि अर्धवट ओळखीचं असेल तर दुसऱ्याच्या घरी जातं.

यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार येतात, मग नोंदणीकृत छोट्या पक्षांचे, आणि अपक्ष सगळ्यांत शेवटी. एका यंत्रावर ‘नोटा’ धरून सोळाच नावं बसतात. उमेदवार जास्त असले की अपक्षाचं नाव दुसऱ्या यंत्रावर जातं. म्हातारी माणसं पहिल्याच यंत्रापाशी थांबतात आणि नाव नाही म्हणून परत वळतात. म्हणून मतदानाच्या आदल्या रात्री अपक्षाचा कार्यकर्ता घरोघरी जातो तेव्हा भाषण करत नाही. तो एवढंच सांगतो : आजी, दुसरं मशीन, वरून चौथं बटण.